टाकीमागचा अंधार
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"दोन शब्द बोला" असं सेक्रेटरींनी सांगितलंय. मी थोडे जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट, बोअरवेल, बाग असं पुष्कळ मिळवलं. एक गोष्ट मात्र हातची गेली. पाण्याच्या टाकीमागचा अंधार.

२००४ साली, १३ डिसेंबरच्या रात्री, आम्ही पाच-सहा जण तिथे सतरंज्या टाकून आडवे झालो होतो, मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला. ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आपल्याकडे ढगांतच जातो, डिसेंबरचं आभाळ स्वच्छ असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी शाल गुंडाळून खाली आल्या. म्हणाल्या, "तारा तुटताना बघू नये म्हणतात रे."

मी म्हटलं, "आजी, तो तारा नव्हेच. फेथॉन नावाचा एक लघुग्रह आहे, १९८३ साली सापडलेला. त्याच्या वाटेवर सांडलेले वाळूएवढे कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने आपल्या हवेत शिरतात आणि चमकतात." आजींनी ऐकून घेतलं आणि पहाटेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. दोन ते तीन या तासात मी वहीत ५२ रेघा ओढल्या.

२०२३ मध्ये तीच तारीख, तीच जागा, तोच तास. दोन्ही वर्षी अमावास्या जवळच, म्हणजे चंद्राचाही अडथळा नाही. रेघा झाल्या १४. उल्का कमी झाल्या नाहीत, आजूबाजूचा आणि आपला उजेड वाढला.

कोणाला दोष देत नाही. सायकली चोरीला गेल्यावर मागे हॅलोजन लावा, या अर्जावर पहिली सही माझीच होती. सायकलही माझीच गेली होती!

आजी आता नाहीत. त्यांची पणती परवा विचारत होती, "काका, तारा फक्त मोबाईलवरच तुटतो का?" मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून दोन विनंत्या. मागच्या दिव्यांना वरून झाकणारे शेड बसवावेत. उजेड जमिनीवर पडेल, वॉचमनला सगळं दिसेल आणि आभाळ मोकळं राहील. दुसरं, यंदा, म्हणजे २०२६ च्या १३ डिसेंबरला, रात्री ११ ते पहाटे ३ मागचे दिवे बंद ठेवावेत. चंद्र तोवर मावळलेला असेल. पहारा आम्ही देऊ, नाहीतरी जागेच असणार.

येताना सतरंजी आणि कानटोपी आणा. दुर्बीण नको. मोबाईल घरीच ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, एकदा स्क्रीन बघितला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्च हवाच असेल तर त्याला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळा.

चहा माझ्याकडून. रेघा ओढायला या वेळी वही मात्र त्या पणतीच्या हातात देणार आहे.