मांजराचे ताट
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



या वर्षी बाहेरचा पाहुणा न बोलावता प्रत्येकीने आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर पंधरा मिनिटे बोलावे, असे चिटणीसबाईंनी ठरवले. कुणी उन्हाळी वाळवणे घेतली, कुणी पोस्टातली बचत. माझे नाव पुकारताच मागच्या रांगेतून आवाज आला, "त्या मांजरावर बोलतील!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना विचार केला, का बोलू नये? आपल्या आळीत निम्म्या घरांत मांजर आहे आणि त्याला काय वाढावे याचा विचार फारसा कुणी करत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जे सांगणार आहे ते जनावरांच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंना विचारून, कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीकडून वाचून घेऊन आणि चार वर्षे हाताने करून पाहून सांगत आहे.

आपल्या भाषेने मांजर आणि दूध यांची गाठ पक्की बांधून ठेवली आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतो, शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे साधले म्हणतो. त्या शिंक्यावरही दूध, दही, लोणीच असायचे. मांजराला दूध आवडते हे खरे, परंतु ते त्याचे अन्न नव्हे. पिल्लू मोठे झाले की दुधातली साखर पचवण्याची त्याची शक्ती कमी होते आणि पुष्कळ मांजरांना दुधाने ढाळ लागते. गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही. ती चव ओळखण्याची सोयच त्याच्या जिभेत नाही. आमची सोनी श्रीखंडाचे भांडे चाटते ते साखरेसाठी नव्हे, त्यातल्या स्निग्धपणासाठी, हे मला फार उशिरा समजले.

कुत्रा भाकरीवर राहू शकतो. मांजर वाघाच्या जातीतले. धान्य, डाळ, भाजी यांवर त्याचा देह चालत नाही. त्याचे खरे जेवण म्हणजे उंदीर. क्षमा करा, काहीजणींनी नाकाला पदर लावला, पण उंदीर हे मांजराचे पूर्ण ताट आहे असे समजा. त्यात मांस आहे, हाड आहे, काळीज आहे, हृदय आहे, रक्त आहे, पाणीही आहे. आपण घरात उंदीर ठेवत नाही आणि दारे-खिडक्या लावून मांजर आत कोंडतो. मग ते ताट आपल्यालाच मांडून दिले पाहिजे, आणि त्यातली एखादी वाटी राहिली की मांजर आजारी पडते.

यातली सर्वांत महत्त्वाची वाटी म्हणजे टॉरीन. १८२७ साली टीडमान आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी हे द्रव्य प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे काढले, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून त्याला नाव पडले. आपल्या शरीरात ते तयार होते. मांजराच्या शरीरात पुरेसे होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावे लागते. ते मांसात आणि माशात असते, भातात नसते. १९७५ साली अमेरिकेत मांजरांना दुधातल्या केसीन या प्रथिनावर ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजत गेला. याचे कारण टॉरीनची कमतरता होती. पुढे १९८७ साली डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल पायन या पशुवैद्यांनी दाखवले की, मांजरांचे हृदय फुगून दुबळे होते त्या रोगामागेही हीच उणीव असते. टॉरीन दिल्यावर पुष्कळ मांजरांचे हृदय सुधारले. तेव्हापासून पाकीटबंद खाण्यात कारखानदार ते जास्त घालू लागले. हृदय सुधारते, पण डोळ्यांचा झिजलेला पडदा परत येत नाही. दूधभातावर वाढलेले मांजर म्हातारपणी भिंतीला धडकू लागते, तेव्हा आपण "वय झाले" म्हणतो. दर वेळी वयच असते असे नाही.

मग कुणी म्हणेल, मांस दिले की झाले. तसे नाही, आणि येथे मला जरा थांबायचे आहे. आळीच्या टोकाच्या घरातले पिल्लू तुम्हा सर्वांना आठवत असेल. त्या वहिनी आज समोर बसल्या आहेत आणि त्यांनीच हे सांगायला मला परवानगी दिली आहे. घरच्या मुलाने मोठ्या हौसेने पिल्लाला रोज बिनहाडाची कोंबडी घातली, दुसरे काही नाही. पिल्लू गुबगुबीत दिसे. तीन महिन्यांनी खाटेवरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. एवढीशी खाट! फोटो काढला तेव्हा हाडे कागदासारखी दिसत होती. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. बाहेरून मिळेना की शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. त्या पिल्लाचा पाय जुळला, पण थोडे लंगडते ते लंगडतेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी पिल्ले लाडाच्या घरांतूनच येतात, गरिबाच्या घरचे पिल्लू उंदीर हाडासकट खाते.

हाड शिजवून मात्र कधीही देऊ नका. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात व आतड्यात रुततात. माझा उपाय अंड्याच्या टरफलाचा आहे. टरफले उकळून, तव्यावर कोरडी करून मिक्सरमधून काढायची आणि मलमलीतून वस्त्रगाळ करायची. एक किलो बिनहाडाच्या मांसाला चहाचा एक चमचा शिगोशीग, म्हणजे साधारण सहा ग्रॅम.

आता माझ्या घरची रीत सांगते. रविवारी सकाळी गर्दी होण्यापूर्वी दुकानातून एक किलो तंगडीचे मांस आणते. छातीपेक्षा तंगडीच्या काळपट मांसात टॉरीन जास्त. कातडी काढू नका असे मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर दुकानदार सवयीने सोलून टाकतो. त्याबरोबर शंभर ग्रॅम दिल आणि पन्नास ग्रॅम कलेजी. कलेजी त्याहून जास्त नाही. गाजरातून अ जीवनसत्त्व तयार करणे मांजराला जमत नाही, म्हणून थोडी कलेजी लागतेच. पण रोज कलेजीच घातली तर तेच जीवनसत्त्व अति होऊन मानेचे मणके एकमेकांना चिकटतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. मांसाचा खिमा करते. त्यात दोन अंड्यांचा पिवळा बलक, वाटीभर पाणी, टरफलाची पूड, आयोडीनच्या मिठाची चिमूट, टॉरीनची पूड दोन ग्रॅम, ई जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली बी-कॉम्प्लेक्स आणि माशाचे तेल. कॉडलिव्हर तेल मी घालत नाही, कारण त्यात पुन्हा अ जीवनसत्त्व येते. चार किलोच्या मांजराला दिवसाला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पुरते, तेही दोन-तीन वेळा विभागून. दोन दिवसांचे बाहेर ठेवते, बाकीचे लहान डब्यांतून बर्फाच्या खणात. आपल्या हवेत अर्ध्या तासावर ताट पडू देत नाही. आपापल्या मांजराचे वय आणि मूत्रपिंड कसे आहे हे दाखवल्याशिवाय माझे प्रमाण जसेच्या तसे उचलू नका.

पाणी घालते याला कारण आहे. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, त्याला तहान कमी लागते, ते आपले पाणी खाण्यातूनच घेते. नुसत्या कोरड्या दाण्यांवरच्या बोक्यांची लघवी अडते तेव्हा ते तासातासाचे दुखणे असते, उद्यावर ढकलू नये.

आमच्या सासूबाई हे सारे पाहून म्हणत, "अगं, उकिरड्यावर वाढणाऱ्या जातीला कसल्या आल्यात गोळ्या नि तेलं!" त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर होते. उकिरड्यावरचे मांजर उंदीर, पाल, चिमणी सगळे अख्खे खाते, त्याला माझ्या पुडीची गरज नाही. परंतु ती मांजरे किती वर्षे जगतात, हेही आपण पाहतोच.

आता कच्चे की शिजवलेले, हा वाद. कच्च्याची बाजू घेणारे पॉटेंजर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचा दाखला देतात. त्यांनी १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत कॅलिफोर्नियात सुमारे नऊशे मांजरांवर प्रयोग केले. कच्च्या मांसावरची मांजरे सुदृढ राहिली, शिजवलेल्या मांसावरची पिढीगणिक खालावत गेली. परंतु मांजराला टॉरीन लागते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. ते पाण्यात विरघळते, रस्सा ओतून दिला की त्याच्याबरोबर जाते. म्हणून कच्च्याच्या अंगी काही जादू आहे असे मला वाटत नाही. उलट कच्च्या कोंबडीत जंतू असतात, आणि बर्फात ठेवल्याने साल्मोनेला मरत नाही, नुसता झोपतो. तो मांजराला बाधो न बाधो, विळीला, ओट्याला आणि आपल्या नातवंडांना बाधतो.

त्यातच डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाड्याला पाळीव मांजरांतही तो रोग सापडला. नागपूर-छिंदवाडा म्हणजे काही अमेरिका नव्हे. त्या बातमीपासून आमच्याकडे मांस शिजूनच ताटात जाते. थोड्या पाण्यात नीट शिजवते, रस्सा त्यातच ठेवते, आणि टॉरीन व गोळ्या गार झाल्यावर घालते. सोनीने दोन दिवस तोंड फिरवले, मग खाऊ लागली. एक लक्षात ठेवा, "भूक लागली की खाईल" म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत जावे.

मासेही शिजवूनच द्यावेत. पुष्कळ कच्च्या माशांत बी-एक जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, ते शिजवल्यावर निकामी होते. आणि आपल्या रस्श्यातले तुकडे धुऊनसुद्धा देऊ नका. कांदा-लसणाने मांजराचे रक्त बिघडते.

ज्यासाठी मी आज उभी राहिले तो भाग आता येतो. गेल्या पावसाळ्यात आळीतली एक लेक बाळंतपणाला माहेरी आली. चौथ्या दिवशी तिच्या काकूंनी मांजर पोत्यात घालून कृष्णेपलीकडे सोडायचे ठरवले. मांजरामुळे पोटातल्या बाळाला रोग होतो, असे कुणीतरी सांगितले होते. सांगणाऱ्याचे अगदी खोटे नव्हते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे, आणि गर्भारपणी तो प्रथमच झाला तर बाळाला धोका असतो. परंतु मांजराला तो होतो कच्च्या मांसातून नाहीतर उंदरातून. मांजराच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो तोही बहुधा आयुष्यात एकदाच, दोन-तीन आठवडे. आणि विष्ठेतला जंतू बाधण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. बाईला तो अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही होतो, हे कुणी पोत्याच्या वेळी बोलत नाही. मी आणि डॉक्टरीणबाई दोघी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. ठरले ते असे: मांजर घरातच राहील, बाहेर जाणार नाही, शिजवलेलेच खाईल, त्याची वाळू रोज सकाळी काका काढतील, आणि लेकीने त्या पेटीला हात लावायचा नाही. तिची रक्ततपासणी तिच्या डॉक्टरांकडे झाली. काकांनी चार महिने वाळू काढली, तक्रार रोज केली. बाळ आता रांगते आहे आणि मांजर त्याच्यापासून पळते.

शाकाहारी घरातल्या मैत्रिणी मला विचारतात, आम्ही काय करावे? मांजराला शाकाहारी करू नका, एवढीच विनंती. घरात मांस शिजवायचे नसेल तर चांगले पाकीटबंद खाणे आणा. त्यात टॉरीन घातल्याचे पाकिटावर लिहिलेले असते, ते वाचून घ्या, आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवा. दूधभात आवडीचा म्हणून कधी बोटभर चाटवलात तर मी काही तुमच्या घरी पाहायला येणार नाही.

टॉरीनच्या पुडीची मोठी डबी मी मागवली आहे, ती एका घरात संपणारी नाही. ज्यांना हवी असेल त्यांनी दुपारी तीननंतर लहान बाटली घेऊन यावे, खर्च वाटून घेऊ. वजनाचा छोटा काटाही माझ्याकडे आहे. अंड्याची टरफले मात्र आपापली आणा, आणि कृपा करून धुऊन आणा.