पुरून ठेवलेले हजार रुपये

(वसतिगृहाच्या साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘देवाने दिलेले गुण आणि माणसाचे कष्ट’ असा विषय मला दिला आहे. मी गणिताची शिक्षिका. निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही, म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करते.

मत्तयाच्या २५ व्या अध्यायातला दाखला आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. परदेशी निघालेला धनी आपल्या तीन दासांच्या हाती पैसे सोपवून जातो. आपल्या मराठी बायबलात त्या रकमा पाच हजार, दोन हजार आणि एक हजार रुपये अशा दिल्या आहेत. त्यामुळे ज्याला एकच हजार मिळाले त्याची आपल्याला जरा दया येते. बिचाऱ्याच्या वाट्याला थोडेच आले, असे वाटते. पण मूळ ग्रीक शब्द आहे ‘तालांत’. तालांत हे वजन होते, साधारण तीस-पस्तीस किलो. तेवढ्या चांदीचे सहा हजार दिनार होत, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस काम मिळाले असे धरा. सहा हजार भागिले तीनशे, म्हणजे वीस वर्षांची मजुरी! सगळ्यांत कमी ज्याला मिळाले त्याला इतके मिळाले होते. इंग्रजीतला ‘टॅलेंट’ हा शब्द उपजत गुण या अर्थाने वापरात आला तो याच दाखल्यावरून.

आता त्या तिसऱ्या दासाकडे पाहा. त्याने चोरी केली नाही, पैसे दारूत उडवले नाहीत. जेवढे घेतले तेवढे परत आणून दिले. आपल्या संस्थेच्या ऑडिटमध्ये तो सहज पास झाला असता. तरी धन्याने त्याला दोन शब्द लावले, दुष्ट आणि आळशी. आळशी का, ते कळते. दुष्ट कशाबद्दल? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर दासाच्याच बोलण्यात आहे. धनी कठोर आहे, पेरले नाही तिथेही कापतो, असे त्याने मनाशी धरले होते. ज्याने विश्वासाने वीस वर्षांची मजुरी हाती दिली त्याच्याविषयी हे मत! म्हणजे आधी मन बिघडले आणि मग हात थांबले. शील आणि कष्ट या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो, पण दाखल्यात त्या एकाच माणसात एकदम ढासळताना दिसतात.

आता आपल्या मुलांविषयी बोलते. थोडे स्पष्ट बोलेन, राग मानू नये.

नाताळच्या सुमारास शहरातल्या मंडळ्या वसतिगृहाला भेट देतात. मुले नाच करतात, गाणी म्हणतात, पाहुण्यांना वारली चित्रे भेट देतात. पाहुणे मनापासून टाळ्या वाजवतात आणि जाताना म्हणतात, “काय उपजत कला आहे हो या मुलांत! आदिवासी मुलं जन्मतःच काटक, जन्मतःच गाणारी.” हे प्रेमाने म्हटलेले असते. पण मी जेव्हा जेव्हा ते ऐकते, तेव्हा मला त्या पुरलेल्या रुपयांची आठवण होते. गुण उपजत आहे, आपोआप आलेला आहे, असे एकदा ठरले की मुलाला शिकायचे कारण उरत नाही आणि आपल्यालाही शिकवायचे कारण उरत नाही. कौतुक केले की आपले काम झाले!

कविता राऊतचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटले. ती सुरुवातीला अनवाणी धावत असे, हे सर्वांच्या लक्षात राहिले. डोंगर चढून, पाण्याचे हंडे वाहून पायांत बळ आले, असेही लोक सांगतात. आले असेलही. पण डोंगर चढून पाणी आणणाऱ्या मुली आपल्याकडे पाड्यापाड्यावर आहेत. नुसत्या हंड्याने ऑलिंपिक गाठता आले असते, तर पेठ-सुरगाण्यातून दरवर्षी गाडी भरून मुली गेल्या असत्या. कविताला नाशिकला विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक भेटले, आणि ते सांगतील तसे वर्षानुवर्षे करण्याची तिची तयारी होती. दिल्लीचे पदक ते रिओ यांच्यामध्ये सहा वर्षे आहेत. त्या सहा वर्षांतल्या प्रत्येक पहाटेचे कौतुक कोणी छापले नाही.

पौलाने करिंथकरांना लिहिताना धावणाऱ्याचाच दाखला दिला आहे. शर्यतीत उतरणारा सर्व बाबतींत संयम पाळतो, असे तो म्हणतो, आणि पुढे स्वतःविषयी काळजी व्यक्त करतो की दुसऱ्यांना उपदेश करून आपणच अपात्र ठरू नये. पौलासारखा माणूस हे लिहितो! त्याच पत्रात पुढे तो म्हणतो की मी जो आहे तो देवाच्या कृपेने आहे, आणि लगेच सांगतो की मी इतरांपेक्षा जास्त श्रम केले. त्याला या दोन वाक्यांत भांडण दिसत नाही. आपल्याला मात्र दिसते. काही भाविक मला म्हणतात, “बाई, जास्त कष्टांवर भर देऊ नका, सगळं कृपेनंच होतं.” कृपेनेच होते. पण कृपेने मिळालेल्या पावसानंतर आवणी करायला शेतकऱ्याला चिखलात उतरावेच लागते, हे आमच्या भातशेतीच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

निर्गमच्या ३१ व्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराची गोष्ट आहे. मंडपाचे काम करण्यासाठी देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले. भविष्यवादी नाही, राजा नाही, हाताने काम करणारा माणूस! आत्म्याने भरल्यावर त्याने काय केले, हे पुढचे अध्याय सांगतात आणि आपण बहुतेक ते चाळून टाकतो, कारण त्यांत नुसती मापे आहेत. अमुक हात लांब, तमुक हात रुंद, पडद्याला पन्नास बिरडी, पन्नास सोन्याचे आकडे. मला ते अध्याय फार आवडतात. पवित्र आत्मा एकोणपन्नास बिरड्यांवर थांबत नाही. आणि बसालेलाला दुसऱ्यांना शिकवण्याचीही बुद्धी दिली होती, असे ३५ व्या अध्यायात लिहिले आहे.

आता नुसत्या गुणाची दुसरी बाजू. शमशोनाच्या जन्माआधी देवदूत आला. बळ तर असे, की दोर सुतासारखे तुटत. वीस वर्षे तो इस्राएलाचा शास्ता होता. पण शास्त्यांच्या पुस्तकातले ते चार अध्याय वाचून पाहा. एवढ्या वर्षांत त्याने चार माणसे बरोबर घेऊन एखादे काम उभे केल्याचे कुठे दिसत नाही. भांडणे पुष्कळ, आणि बहुतेक स्वतःच्या रागातून उठलेली. बाहेरचे दोर तोडणाऱ्याला आतला दोर ओढता आला नाही. शेवटी गज्जाच्या बंदिशाळेत, डोळे काढलेल्या अवस्थेत, तो जाते ओढत होता.

माझ्या पाहण्यातला एक मुलगा सांगते. गाव सांगत नाही. आवाज असा, की त्याने भजनाला सुरुवात केली की मागच्या बाकावरची कुजबुज बंद व्हायची. हार्मोनियमवर बोटे आपली आपण पडायची. मग त्याला प्रत्येक संमेलनाला बोलावणे येऊ लागले. शनिवार-रविवार गेला, मग सोमवारही जाऊ लागला. जिथे जाईल तिथे चांगले जेवण, हातात पाकीट, पाठीवर थाप. परीक्षा कधी आहे, स्वरलेखन शिकतोस का, हे त्याला बोलावणाऱ्यांपैकी कोणी विचारले नाही. दहावीत तो गणित आणि इंग्रजीत नापास झाला. त्या वर्षी त्याचा आवाजही फुटला, आणि बोलावणी बंद झाली. पुन्हा परीक्षेला बसण्याइतका धीर त्याच्यात कोणी तयारच केला नव्हता. आता तो दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जातो. आवाज पुन्हा छान बसला आहे, असे म्हणतात.

उलट बाजूने पंडिता रमाबाईंचा विचार करा. हजारो संस्कृत श्लोक त्यांना मुखोद्गत होते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. लोकांना तो चमत्कार वाटला. पण रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे की त्यांची आई, लक्ष्मीबाई, त्यांना भल्या पहाटे उठवून शिकवीत असे. त्या काळच्या बाकीच्या घरांत मुलींना स्मरणशक्ती नव्हती का? होती. त्यांना पहाटे कोणी उठवले नाही.

आणि ती स्मरणशक्ती पुढे कुठे खर्च झाली? विद्वानांच्या सभा गाजवत राहता आले असते. त्याऐवजी केडगावच्या मुक्तिसदनात, दुष्काळातून आणलेल्या मुली आणि स्त्रिया सांभाळीत, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला वाचून समजेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणायचे, एवढ्यासाठी. आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे या कामात गेली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. सबंध बायबल छापून आले १९२४ साली. ज्या बाईची विद्वत्ता कलकत्त्याने डोक्यावर घेतली, तिने ती मुक्तीतल्या मुलींच्या वाचनापर्यंत खाली आणली. मी शील म्हणते ते हे. ते नसते तर तीच स्मरणशक्ती सभेत दाखवण्याचा दागिना होऊन राहिली असती.

आपल्याकडे उठवणारे कोण आहे, हा माझा प्रश्न आहे. पाड्यावरून येणारे मूल घरी कोकणा किंवा वारली बोलते. पुस्तकातली मराठी त्याला जवळजवळ परकी. पहिले वर्षभर ते गप्प बसते आणि त्याला ‘मठ्ठ’ असे नाव पडते. अशीच एक मुलगी इथे होती. गाणे नाही, धावणे नाही, चित्र नाही. पाहुण्यांपुढे तिला कधी उभे केले गेले नाही. पण रोजचा शब्द रोज पाठ करायची, आणि चुकले की खोडून पुन्हा लिहायची. आज ती एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. लसीची पेटी घेऊन पाड्यांवर जाते, आणि तिथल्या आयांशी त्यांच्याच बोलीत बोलते. तिच्यात गुण नव्हता असे मी म्हणणार नाही. आम्हां कोणाला तो दिसला नव्हता, कारण टाळ्या वाजवण्यासारखा नव्हता.

सातत्य ही आमच्या मुलांना न परवडणारी गोष्ट आहे. भात निघाले की घरातली माणसे द्राक्षाच्या कामाला नाहीतर भट्टीवर जातात, आणि मूल मागे ठेवायचे कुणाजवळ? शाळा तिथेच सुटते. चार महिन्यांनी परत आले तर बेरजेपासून सुरुवात. कष्ट करण्याची त्यांची तयारी असते. भट्टीवर दहा वर्षांचे पोरही कष्टच करते. पण एकाच दिशेने रोज थोडे, असे कष्ट करायला रोजचा भात, दिवा आणि हाक मारणारे माणूस लागते. तुम्ही दर महिन्याला पाठवता त्या पैशांतून हे तीन पदार्थ येतात. त्यातून आम्ही ‘हिरे’ शोधतो असे आपल्या अंकात कधीकधी छापून येते. मला तो शब्द आवडत नाही. हिरा सापडला की बाकीचे दगड ठरतात. देवाने कोणालाच रिकाम्या हाताने पाठवलेले नाही, आणि सगळ्यांत कमी वाटा वीस वर्षांच्या मजुरीचा आहे, हा हिशेब मघाशी आपण केलाच.

तेव्हा विनंती एवढीच. जूनमध्ये शाळा उघडतात. आठवी-नववीच्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायला आठवड्यातून दोन संध्याकाळी येतील अशी माणसे हवी आहेत, आणि हार्मोनियम स्वरलेखनासह शिकवणारे एक जण. येतील त्यांनी निदान वर्षभर यावे. दोन महिन्यांनी सोडून जाणारे नकोत, मुलांना त्याची सवय आहे. सभेनंतर वॉर्डनबाई दाराशी वही घेऊन बसतील. अभ्यासाची वेळ साडेसहा ते आठ. त्या वेळी आलात तर नाच दाखवायला कोणी उठणार नाही. पाढे चाललेले असतील, तुम्ही मागे येऊन बसा.