नेस सरोवराचा राक्षस



स्कॉटलंडमधील नेस सरोवराच्या राक्षसाविषयी आपण ऐकले असेल. त्याची सर्वांत जुनी कथा धर्मांतराचीच आहे, म्हणून ती बारकाईने पाहावी. आयर्लंडहून आलेला धर्मप्रचारक कोलंबा सहाव्या शतकात नेस नदीकाठी पोहोचला. तेथे जलचराने चावून मारलेल्या एका इसमास लोक पुरीत होते. तरीही पलीकडची होडी आणण्यासाठी कोलंबाने एका शिष्यास पाण्यात उतरविले. (स्वतः तो काठावरच उभा राहिला, हे ध्यानात घ्या.) तो प्राणी शिष्यावर धावला, कोलंबाने क्रुसाची खूण करून आज्ञा देताच पळाला, आणि बिगरख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती देवाचा जयजयकार केला. हे लिहिले कोणी? कोलंबाच्याच मठाचा पुढील काळातील अधिपती आडोम्नान याने, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी. चमत्काराच्या धाकाने मिळालेल्या अशा संमतीस आपण धर्मांतर म्हणाल काय?

आता राक्षसाचा पुरावा पाहा. १९३४ सालचे प्रसिद्ध छायाचित्र खेळण्यातील पाणबुडीवर बसविलेल्या नकली मानेचे होते, हे १९९४ साली उघड झाले. २०१८ साली शास्त्रज्ञांनी सरोवराच्या पाण्याचे नमुने घेतले. त्यांत सरपटणाऱ्या प्राण्याचा जनुकीय अंश आढळला नाही. वाम माशांचा मात्र मुबलक आढळला.