मुदत संपलेला आराखडा

भोपाळमध्ये आज कुणाला घर बांधायचे असेल, तर त्याच्या जमिनीवर काय बांधता येईल हे ज्या नकाशावरून ठरते, तो नकाशा १९९५ मध्ये मंजूर झालेला आहे आणि २००५ पर्यंतच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे. २०२१ साठीचा मसुदा २००९ मध्ये आला आणि मागे घेतला गेला. २०३१ साठीचा मसुदा मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, २०२३ मध्ये सुधारून पुन्हा मांडला गेला आणि पुढच्या वर्षी तोही बाजूला पडला. आता २०४७ चे लक्ष्य सांगितले जाते. दरम्यान १९९१ च्या जनगणनेत साडेदहा लाखांच्या आसपास असलेले शहर २०११ मध्ये अठरा लाखांच्या घरात गेले. आज आपण ते आकडेही जुने झाले म्हणून अंदाजाने बोलतो. माझे म्हणणे असे, की दीर्घ पल्ल्याच्या आराखड्याची किंमत त्यातल्या भाकितांवर ठरत नाही. शहर वाढताना कोणत्या जागी ‘इथे नको’ म्हणायचे, हे आधी, लेखी आणि सर्वांसमक्ष ठरवून ठेवणे हे त्याचे खरे काम. ते केले नाही म्हणून शहर थांबत नाही. निर्णय होतच राहतात, एकेका अर्जापुरते आणि एकेका भूखंडापुरते, आणि त्यांचा जाब कुणाला विचारायचा हे कळेनासे होते.

याचा सर्वात जड पुरावा याच शहरात आहे. २५ ऑगस्ट १९७५ रोजी भोपाळचा पहिला विकास आराखडा लागू झाला. नगर तथा ग्राम निवेश कायदा होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. घातक उद्योग, आणि त्यांत कीटकनाशकांचे उत्पादनही आले, वस्तीपासून दूर शहराबाहेर न्यावेत, असे या आराखड्यात म्हटले होते. युनियन कार्बाइडचा कारखाना त्या वेळी काली परेडच्या मैदानावर, रेल्वे स्थानकापासून जवळच उभा होता. आराखडा येऊन दोन महिने उलटतात न उलटतात तोच, ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने त्या कंपनीला वर्षाला पाच हजार टन कीटकनाशक बनवण्याचा परवाना दिला. जागा तीच राहिली. काही वर्षांनी मिथाइल आयसोसायनेटही तिथेच तयार होऊ लागले. पुढे १९८४ साली राज्य सरकारने झोपडीवासीयांना जमिनीचे पट्टे देण्याचा कायदा केला, आणि कारखान्याच्या भोवतीच्या वस्त्या जागच्या जागी कायम झाल्या. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कारखान्यातून विषारी वायू पसरला, तो आधी समोरच्या जयप्रकाश नगरात आणि आसपासच्या अशाच वस्त्यांत शिरला. आराखडा एका खात्याचा, परवाना दिल्लीतल्या दुसऱ्या खात्याचा, पट्टे तिसऱ्याचे. ज्याने त्याने आपापल्या अधिकारात कागद काढला. हे तीन कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचणे मात्र कुणाचेच काम नव्हते.

यावर कुणी म्हणेल, आराखडा असूनही हे घडले, मग त्याचा उपयोग काय? टाकीतून वायू का सुटला, याचे उत्तर कारखान्याच्या आत आहे, तिथल्या बंद पडलेल्या सुरक्षा यंत्रणांत आहे. नगररचनेला ते थांबवता आले नसते. पण तो सुटल्यावर वाटेत किती माणसे झोपलेली असतील, हा प्रश्न पूर्णपणे जमिनीच्या वापराचा आहे, आणि त्याचे उत्तर नऊ वर्षे आधी छापलेले होते. त्या रात्रीबद्दल ‘कुणाला ठाऊक नव्हते’ असे आज म्हणता येत नाही, ते त्या छापील कागदामुळे. नुसता कागद पुरत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच समग्र आराखडा याचा अर्थ मी असा घेतो, की उद्योग, महसूल, पाणी, वाहतूक या साऱ्या खात्यांवर तो बंधनकारक असावा.

दुसरा पुरावा पाण्याचा. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधवलेला बडा तालाब आजही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा आधार आहे. २००२ पासून छोट्या तालाबासह त्याची गणना रामसर यादीतल्या पाणथळ जागांमध्ये होते. या तलावाचे पाणलोट क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरचे. त्यातला बराच भाग शेतीचा आहे, कोलांस नदीच्या खोऱ्यातला, आणि तो थेट सिहोर जिल्ह्यात पसरलेला आहे. शहराची हद्द तलावाच्या काठाशी घुटमळते आणि पाणी मात्र सिहोरच्या शेतांतून येते. काठाचीच परिस्थिती पाहा. तलावाची पूर्ण पातळी १६६६.८० फूट ठरलेली आहे आणि ती दाखवायला काठावर खांब रोवलेले आहेत. इथले लोक त्यांना मुनारे म्हणतात. चांगला पाऊस होऊन तलाव भरला, की काही मुनारे पाण्यात आतवर उभे दिसतात, अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून आलेल्या आहेत. सीमा दाखवणारा खांबच पाण्यात उभा असेल, तर त्याच्या मागच्या जमिनीला ‘तलावाबाहेरची’ म्हणून परवानगी मागता येते. अशा प्रत्येक परवानगीने तलावाचे होणारे नुकसान इतके थोडे असते, की एकट्या त्या अर्जाला नकार देणे अधिकाऱ्याला जड जाते. शंभर अर्जांचा एकत्र परिणाम फक्त पंचवीस वर्षांच्या नजरेलाच दिसतो.

आता सर्वात वजनदार आक्षेप. भाकिते चुकतात, मग वीस वर्षांचा आराखडा हा कल्पनाविलास नाही का? भाकिते चुकतातच. कोपनहेगनचा १९४७ चा आराखडा हाताच्या पंज्यासारखा होता: रेल्वेमार्गांच्या बोटांवर वस्ती, बोटांच्या मधे मोकळी हिरवी जमीन. शहर त्यात धरलेल्या अंदाजापेक्षा खूप वाढले, पण वाढ कोणत्या दिशेने जाऊ द्यायची आणि काय मोकळे ठेवायचे, हे सूत्र दशकानुदशके कामी आले. उलट भोपाळमध्ये २०१३ साली मिसरोद ते बैरागढ असा सुमारे चोवीस किलोमीटरचा, बससाठी राखीव असा बीआरटीएस मार्ग सुरू झाला आणि जानेवारी २०२४ पासून तो उखडायला घेतला. १९९५ च्या आराखड्याला हा मार्ग ठाऊक असणे शक्यच नव्हते, आणि नवा आराखडा आला नाही. मार्गाच्या दोन्ही बाजूंना दाट वस्ती, कचेऱ्या, बाजार यावेत, म्हणजे बसला उतारू मिळतील, हे ठरवणारा दस्तऐवजच नव्हता. मार्गाच्या रचनेतही दोष होते, हे मी नाकारत नाही. तरीही जमिनीचा वापर एकीकडे आणि वाहतूक दुसरीकडे, असे ठेवून कोणतीही बससेवा जगत नाही. उद्या मेट्रोलाही हाच नियम लागू होईल.

प्रकल्प हवेत, आराखडे नकोत, असे म्हणणाऱ्यांनी शिवाजी नगर आणि तुळशी नगर पाहावे. राजधानीच्या सुरुवातीच्या काळातल्या या सरकारी वसाहती आज झाडांनी भरलेल्या आहेत. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी हीच जागा निवडली गेली. नागरिकांनी विरोध केला आणि प्रकल्प टी. टी. नगरला गेला. २०२४ च्या जूनमध्ये मंत्री-आमदारांच्या निवासांसाठी पुन्हा हीच जागा पुढे आली. स्त्रिया झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या तेव्हा कुठे तो बेत सोडला गेला. त्या नागरिकांबद्दल मला नितांत आदर आहे. पण एका मोहल्ल्याची सावली वाचवायला आठ वर्षांत दोनदा रस्त्यावर उतरावे लागणे, ही नगररचना नव्हे. ज्या वस्तीत ओरडायला माणसे नाहीत, तिचे काय?

गरिबांच्या बाजूने येणारा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो: आराखडा आला की झोपडी बेकायदा ठरते. इतिहास पाहता या भीतीला आधार आहे. पण कामगारांच्या घरांसाठी आराखड्यात कामाजवळ जागा राखली नाही, तर ते उरलेल्या जमिनीवर राहतात, आणि उरलेली जमीन म्हणजे नाल्याचा काठ, रेल्वेची कड, कारखान्याची भिंत. १९८४ चे पट्टे चांगल्या हेतूनेच दिले असे मानले, तरी ते धोक्याच्या दाराशीच दिले गेले. स्वस्त घरांची जमीन पहिल्या दिवसापासून नकाशावर रंगवलेली असणे, हाच त्या भीतीवर उपाय आहे.

शेवटी, हरकती इतक्या येतात की आराखडा पूर्णच होत नाही, ही सबब. मुंबईचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर गदारोळ उठला आणि एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि २०१८ मध्ये तो मंजूर झाला. त्या आराखड्यातही उणिवा आहेत, पण हरकतींनी तो मारला नाही. मध्य प्रदेशच्या नगर तथा ग्राम निवेश कायद्यात कलम २३-क आहे, ज्यान्वये राज्य सरकार काही परिस्थितींत मंजूर आराखड्यात फेरबदल करू शकते. नवा आराखडा लांबला तरी असे सुटे फेरबदल चालूच राहू शकतात, म्हणून कुणाला घाई नसते. तेव्हा मुदत संपलेल्या आराखड्यात या कलमाखाली बदल करता येणार नाही, एवढी दुरुस्ती करावी, आणि नव्या आराखड्याची हद्द सिहोरच्या शेतांसह तलावाच्या पूर्ण पाणलोटाएवढी आखावी. या दोन मागण्यांसाठी नवा अभ्यासगट नको, विधानसभेचे एक अधिवेशन पुरे.