पानाखालची राखण

निंदण सुरू आहे, कपाशी गुडघ्याला आली आणि गटाच्या बैठकीत फवारणीसाठी कर्जाची मागणीही सुरू झाली. आज त्याबद्दलच बोलू.

मावा दिसला की घरचे दुकानात जातात आणि दुकानदार देईल ती बाटली घेऊन येतात. पण निंदताना पानाच्या उलट्या बाजूला नजर जाते ती आपली. तिथं माव्याजवळ कधी करडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी अळी दिसते. बऱ्याच जणी ती कीड समजून चिरडतात. ती तर ढालकिड्याचं पिल्लू! लाल ढालकिडा सगळ्यांना ठाऊक, त्याचं पोर मात्र ओळखू येत नाही. तेही मावाच खातं, आणि भरपूर खातं. बारीक दोऱ्याच्या टोकाला टांगल्यासारखी अंडी दिसली तर ती क्रायसोपाची. फुगलेला, तपकिरी, जागचा न हलणारा मावा दिसला तर त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशी वाढतेय किंवा वाढून बाहेर पडलीय, असं समजा.

सायपरमेथ्रीनसारखं सरसकट मारणारं औषध पडलं की ही राखण आधी जाते. माव्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्लं देते, ती आठ-दहा दिवसांत पुन्हा पिल्लं देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे कीड आधी परतते आणि तिला खाणारं कुणी उरलेलं नसतं. मग दुसरी फवारणी, तिसरी. पांढरी माशी तर अशा औषधांनंतर जास्तच वाढते.

म्हणून आमच्या गटात ठरलंय, कर्ज मागणारीनं आधी 20 झाडं बघून यायचं. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं पान. सरासरी पानाला मावा 10 किंवा तुडतुडे 2-3 यांच्या खाली असतील तर थांबायचं, चार दिवसांनी पुन्हा मोजायचं. घरी ऐकतात का? आकडा सांगितला की ऐकतात, थोडं तरी.

आकडा त्या पातळीकडे सरकू लागला तर आधी निंबोळी अर्क. 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, 200 ग्रॅम साबणचुरा घाला, एकूण पाणी 100 लिटर करा. यानं मित्रकिडी कमी मरतात. गुलाबी बोंडअळीचं गणित वेगळं आहे, ते पुढच्या वेळी.

ज्यांनी बांधाला चवळी लावलीय, त्यांच्या चवळीवर मावा येईल. येऊ द्या, ढालकिडे तिथंच वाढतात. पंप घेऊन गेलेल्या माणसाला तेवढं आधी सांगून ठेवा.