गेम तयार झाला. आता काढायचं काय?



गेम पूर्ण होतो तेव्हा त्याच्या फोल्डरमध्ये गेमपेक्षा बरंच जास्त साठलेलं असतं. रद्द केलेल्या लेव्हल्स, एकाच आवाजाच्या चार आवृत्त्या, चाचणीपुरता लिहिलेला आणि नंतर कुणी ढुंकूनही न पाहिलेला कोड. हे सगळं तसंच बाजारात गेलं, तर भार खेळणाऱ्यावर पडतो. त्याचा डेटा खर्च होतो, फोनमधली जागा अडते. म्हणजे सफाई हवीच. पण बिनकामाचं नेमकं काय, हे ठरवणं सोपं नाही.

२००४ साली जर्मनीत ‘क्रीगर’ नावाचा नेमबाजीचा त्रिमितीय गेम तयार झाला. तो एका स्पर्धेसाठी होता, आणि अट अशी, की अख्खा गेम ९६ किलोबाइटमध्ये बसला पाहिजे. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो. करणाऱ्यांनी भिंतींची चित्रं साठवलीच नाहीत. ती कशी रंगवायची याच्या फक्त सूचना ठेवल्या. कोड कमी करायला त्यांच्याकडे एक खास प्रोग्राम होता. तो कोडमध्ये जागोजागी खुणा पेरायचा. मग कुणीतरी गेम खेळायचा, आणि खेळताना ज्या ओळींची पाळीच आली नाही त्या छाटल्या जायच्या. गेम ९६ किलोबाइटमध्ये बसला, आणि स्पर्धेत पहिलाही आला. पण छाटणीसाठी खेळणाऱ्याने मेनूत फक्त खालचा बाण दाबला होता. वरच्या बाणाचा कोड त्यामुळे बिनकामाचा ठरला आणि गेला. आजही त्या गेमच्या मेनूत खाली जाता येतं, वर येता येत नाही.

‘युनिटी’ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना हाच धडा दुसऱ्या वाटेने मिळतो. बिल्ड करताना, म्हणजे फोनवर चालणारा गेम तयार करताना, युनिटी न लागणारा कोड आपणहून गाळते. पण एखादा क्लास, म्हणजे कोडचा एक भाग, गेम चालू असताना केवळ नावावरून शोधला जात असेल, तर त्याची गरज आहे हे तिला कळत नाही. एडिटरमध्ये सगळं सुरळीत, आणि फोनवर गेम बंद पडतो. असे क्लास गाळू नयेत म्हणून ‘लिंक डॉट एक्सएमएल’ या फायलीत त्यांची नोंद करावी लागते. ‘रिसोर्सेस’ फोल्डरचं उलट आहे. त्यातली प्रत्येक फाइल, वापरा किंवा न वापरा, गेममध्ये जातेच. गेम अवाजवी फुगला असेल तर पहिल्यांदा तो फोल्डर उघडावा.

नुसतं बंद करून ठेवणं म्हणजे काढणं नव्हे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये एक अश्लील भाग बंद केला होता, पण डिस्कवर तसाच राहिला होता. २००५ साली तो बाहेरच्यांनी उघडला. अमेरिकेत गेमचं मानांकन ‘फक्त प्रौढांसाठी’ झालं आणि मोठ्या दुकानांनी तो विक्रीतून काढला.

कधी कधी फाइल वापरात असते, पण तिच्या अनेक प्रती असतात. ‘हेलडायव्हर्स २’ संगणकावर सुमारे १५४ जीबी जागा घेत होता. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तो लवकर लोड व्हावा म्हणून त्याच त्या फायली वारंवार ठेवल्या होत्या. करणाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तेव्हा फरक थोड्याच सेकंदांचा निघाला. २०२५च्या अखेरीस जास्तीच्या प्रती काढल्या आणि गेम सुमारे २३ जीबीवर आला. अंदाजावर विसंबून साठवलेलं मोजमापाने कमी झालं, याचं मला विशेष कौतुक वाटतं.

तुमच्यापैकी कुणी गेम करत असेल, तर एक विनंती. सफाई प्रकाशनाच्या आदल्या रात्री करू नका. मूळ प्रकल्पाची प्रत बाजूला ठेवा, थोडं थोडं काढा, आणि प्रत्येक वेळी गेम अगदी साध्या फोनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळा. तो खेळायला तुमच्याशिवाय आणखी कुणाला तरी बसवा, आणि त्याला प्रत्येक बटण दाबू द्या.