वाळवंटातला फौजदार

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



पत्रिकेत माझा विषय वाचून काहीजणांनी मला विचारलं, विहारात रहस्यकथेवर कसलं भाषण? प्रश्न रास्त आहे. रहस्यकथा म्हणजे वेळ घालवायची वस्तू, असं आपल्याकडे सुशिक्षित लोक समजतात. पण बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड कामगार वस्तीत किती वाचले गेले, हे इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. अनेकांना वाचनाची गोडी त्यातूनच लागली. मी गिरणी कामगार आहे. माझं इंग्रजी शाळेतलं नाही, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरचं आणि डिक्शनरीतलं आहे. त्या गाड्यावरच मला टोनी हिलरमन या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मिळाल्या. त्यातले फौजदार नवाहो जमातीचे आहेत. म्हणून हा विषय मी या ठिकाणी मांडतो आहे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा लढा आपल्याला माहीत आहे. 1972 साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतलं. परंतु त्या भूमीवर गोऱ्यांच्याही आधी जे राहत होते, त्यांच्याविषयी आपल्याला सिनेमातल्या घोडेस्वारांपलीकडे फारसं काही माहीत नसतं. नवाहो ही त्यांतली एक मोठी जमात. ते स्वतःला दिने म्हणवतात. दिने म्हणजे माणसं, लोक. 1864 साली अमेरिकन लष्कराने त्यांची पिकं जाळली, मेंढरं मारली, पीचच्या बागा तोडल्या आणि आठ हजारांहून अधिक लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या एका छावणीत नेऊन डांबलं. कित्येक वाटेतच मेले, कित्येक छावणीत भुकेने आणि रोगाने मेले. 1868 साली तह झाला आणि उरलेले लोक आपल्या मुलखात परतले. आज त्यांचं क्षेत्र ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे 27,000 चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिस्स्याएवढं आहे. लाल खडक, कोरड्या नद्या, मैलोन् मैल ओसाड माळ. एवढ्या मुलखात मोजके पोलीस. विंडो रॉक ही त्यांची राजधानी. हिलरमनच्या कादंबऱ्या घडतात त्या इथे.

हिलरमन गोरा होता. पण 1925 साली ओक्लाहोमातल्या एका गरीब खेड्यात जन्मलेला, आणि लहानपणी शिकला तो मूलनिवासी मुलींसाठी चालवलेल्या शाळेत. दुसऱ्या महायुद्धात तो गंभीर जखमी झाला. 1945 साली घरी परतल्यावर ट्रक चालवताना त्याने नवाहो सैनिकांसाठी चाललेला एक विधी पाहिला. युद्धावरून आलेल्या पोरांच्या मनावरचा मेलेल्यांचा भार उतरावा, त्यांना पुन्हा माणसांत घ्यावं, म्हणून सगळं गणगोत जमलं होतं. तो स्वतःही युद्धातूनच आलेला. ती गोष्ट त्याच्या मनात राहिली. पुढे तो वार्ताहर झाला, प्राध्यापक झाला, आणि 1970 साली 'द ब्लेसिंग वे' ही त्याची पहिली कादंबरी आली. पुस्तक छापण्याआधी त्याच्या एजंटाने सल्ला दिला होता की यातलं ते इंडियन लोकांचं काढून टाक! त्याने ते काढलं नाही. उलट 2006 पर्यंत या मालिकेत अठरा कादंबऱ्या लिहिल्या. 2008 साली तो वारला.

आता त्याचे दोन फौजदार बघा. एक जो लीपहॉर्न. वयाने मोठा, संशयी, तर्काने चालणारा. भिंतीवर नकाशा लावतो आणि त्यात रंगीत टाचण्या टोचतो. योगायोगावर त्याचा विश्वास नाही. जे घडतं त्याला कारण असतं, ते दिसत नसेल तर आपण नीट बघितलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. दुसरा जिम ची. तरुण. एफ.बी.आय.ची नोकरी त्याला मिळू शकते, त्याची गोरी मैत्रीणही तेच म्हणते. पण त्याला आपल्या मामाकडून जमातीची जुनी गाणी आणि विधी शिकायचे आहेत. साहेब व्हायचं की आपल्या लोकांत राहायचं, हा त्याचा पेच शेवटपर्यंत सुटत नाही. आपल्यातल्या शिकून नोकरीला लागलेल्या पोरांना हा पेच मी समजावून सांगायची गरज नाही.

यांची तपासाची रीत बघण्यासारखी आहे. नवाहो माणसाचं मातीचं घर, त्याला होगान म्हणतात, त्याचं दार पूर्वेला असतं. फौजदार तिथे गाडी घेऊन गेला तर उतरून दार ठोठावत नाही. गाडीतच बसून राहतो. घरातल्यांना आवराआवर करायला वेळ मिळतो, मग कोणीतरी बाहेर येतं. मग आधी आईचं कूळ, बापाचं कूळ सांगायचं. समोरचा बोलत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही. तो थांबला तरी थोडा वेळ गप्प राहायचं, कारण त्याचं बोलणं संपलं असेलच असं नाही. एफ.बी.आय.चा साहेब मात्र येतो, धडाधड प्रश्न विचारतो आणि काहीही हाती न लागता निघून जातो. ज्याला माणसाचा मान राखता येतो त्यालाच खरं कळतं. हे कुठल्याही ठाण्यात भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

आणि गंमत अशी की खुनाचा तपास त्यांच्या हातात नसतोच. 1885 च्या कायद्याप्रमाणे त्यांच्या मुलखातले खुनासारखे मोठे गुन्हे केंद्र सरकारकडे जातात. 1978 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी ठरवलं की जमातीच्या कोर्टाला बाहेरच्या गोऱ्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे गुन्हा यांच्या अंगणात, मेलेला यांचा, वाटेवरचा प्रत्येक दगड ओळखणारे हे, आणि अधिकार दुसऱ्याचा. लीपहॉर्न आणि ची हे त्या अधिकाराविना तपास करतात. माझ्या मते या कादंबऱ्यांचं खरं बळ इथे आहे. ज्या समाजाला शतकभर संशयित म्हणूनच पाहिलं गेलं, त्याच समाजाचा माणूस इथे तपासणारा आहे. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून आपल्या देशातल्या कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. त्या जमातींतला फौजदार नायक असलेल्या मराठी रहस्यकथा तुम्ही किती वाचल्यात, हे मनाला विचारून बघा.

तीन कादंबऱ्यांविषयी जरा सविस्तर सांगतो.

'पीपल ऑफ डार्कनेस' 1980 सालची. त्यात गळ्यात बाळगायच्या दगडी ताइतामुळे माणसं कर्करोगाने मरतात, कारण तो दगड युरेनियमचा आहे. ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. 1944 ते 1986 या काळात नवाहो जमिनीतून सुमारे तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. खाणीत उतरणारे बहुतेक नवाहो मजूर. धुळीत आणि हवेत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. हवा खेळती ठेवायची सोय नाही. तेच कपडे घालून ते घरी जात, पोरांना कडेवर घेत. भरपाईचा कायदा झाला तो 1990 साली, तोवर कित्येकांची फुप्फुसं गेली होती. पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी तिथे मागे राहिल्या. कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचताना परकं वाटत नाही.

'स्किनवॉकर्स' 1986 सालची. यात दोघे फौजदार प्रथमच एकत्र येतात. एक डॉक्टर आपल्या दवाखान्यातली लबाडी झाकण्यासाठी लोकांच्या चेटकाच्या भीतीचा वापर करतो. एका आईचं तान्हं मूल मरणाला टेकलंय. तिला तो पटवतो की अमक्याने चेटूक केलंय, तो मेला तर मूल वाचेल. ती बाई बंदूक उचलते. लीपहॉर्नला चेटकाचा मनस्वी तिटकारा आहे, कारण तरुणपणी अशाच एका अफवेकडे त्याने दुर्लक्ष केलं आणि माणसं मेली. लेखक त्या आईची टिंगल करत नाही. दोष तो अंधश्रद्धा वापरून घेणाऱ्या शिकलेल्या माणसाच्या पदरात घालतो. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला. कायदा झाला तरी अशा आईपाशी बसून बोलायचं काम कार्यकर्त्यालाच करावं लागतं.

तिसरी 'टॉकिंग गॉड', 1989 ची. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या संग्रहालयात मूलनिवासींच्या पूर्वजांचे सांगाडे खोक्यांतून ठेवलेत. परत मागितले तर उत्तर मिळतं की संशोधनासाठी लागतात. मग एक माणूस संग्रहालयाची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंच्या आजी-आजोबांची कबर उकरतो आणि त्यांचीच हाडं खोक्यात भरून तिच्या टेबलावर पाठवतो. करा संशोधन! या एका प्रसंगात सगळा वाद आला. हाडं परत देण्याचा कायदा त्या संग्रहालयासाठी 1989 साली आणि इतर संग्रहालयांसाठी 1990 साली झाला. कादंबरीमुळे झाला असं मी म्हणत नाही, तो लोकांनी लढून मिळवला.

आता एक अवघड प्रश्न. बाहेरच्या माणसाने दुसऱ्या समाजाचं लिहावं का? दलित साहित्याच्या चळवळीत आपण यावर पुष्कळ भांडलोय. नवाहोंतही दोन मतं आहेत. आमच्या पवित्र गोष्टी विकून बाहेरचा मोठा झाला, असं म्हणणारे आहेत. दुसरीकडे 1987 साली नवाहो जमातीनेच हिलरमनला आपला विशेष मित्र म्हणून गौरवलं. तो स्वतः एक आठवण सांगत असे. तिथल्या एका ग्रंथपाल बाईने त्याला सांगितलं की आमच्या मूलनिवासी लेखकांची पुस्तकं वाचली की हे आपणच असं वाटतं, पण मन खिन्न होतं. तुमची वाचली तरी आपणच दिसतो, पण इथे आपण जिंकतो.

मित्रहो, या बोलण्यावर मी खूप विचार केला. दुःख सांगणारं साहित्य लागतंच, त्याशिवाय जग ऐकत नाही. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला कधीतरी आपलं माणूस हुशारीने जिंकलेलंही वाचायचं असतं. ती भूक खोटी नाही. मात्र बाहेरचा कितीही सज्जन असला तरी त्याच्यावर थांबून चालत नाही. लुसी टॅपाहोन्सोसारख्या नवाहो कवयित्री आपल्याच लोकांतून उभ्या राहिल्या. 2022 साली या कादंबऱ्यांवरून 'डार्क विंड्स' ही मालिका निघाली तेव्हा तिचे लेखक मूलनिवासी होते. तरीही आमची भाषा नीट उच्चारली नाही म्हणून नवाहो लोकांनी खडसावलं, आणि ते बरोबरच केलं. आपल्यावर कोणी लिहिलं की नुसतं खूश व्हायचं नसतं, तपासायचंही असतं.

शेवटची गोष्ट. या कादंबऱ्यांत गुन्ह्याच्या मुळाशी बहुधा हाव सापडते. नवाहोंत वाईट माणसाविषयी म्हणतात की तो असा वागतो जणू त्याला नातलगच नाहीत. ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे आणि जो आपल्या माणसांना देत नाही, त्याच्याकडे लीपहॉर्नचं पहिलं लक्ष जातं. गरिबाकडे नाही! इतर तपासांत आधी झोपडी उलथतात, इथे बंगल्याकडे बघतात.

तरुणांना माझी विनंती एवढीच. विहाराच्या ग्रंथालयात वैचारिक पुस्तकं आहेत, ती वाचाच. सोबत एक कपाट कथा-कादंबऱ्यांचंही करू या. आणि तुमच्यातल्या कोणीतरी आपल्या वस्तीतला, आपली बोली बोलणारा, दाराबाहेर थांबायची रीत पाळणारा फौजदार लिहायला घ्यावा. वाचायला मी आहेच.